डायव्हर्टरच्या दुरुस्तीपर्यंतची आमची वाटचाल

फर्म सुरू केली तेव्हा आम्ही फक्त नव्या बाथरूमचं फिटिंग करायचो. दुरुस्तीचे फोन मधूनमधून यायचे आणि तक्रार बहुतेक वेळा तीच असायची: शॉवर चालू केला तरी खालच्या नळाची धार थांबत नाही, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग, डायव्हर्टर, नीट चालत नाही. त्यावर धंद्यात ठरलेलं उत्तर म्हणजे सगळं बदला, कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत दडवलेला असेल तर टाइल फोडा. घरभर धूळ, बाथरूम बंद, वर मोठा खर्च. आणि जुनं फिटिंग खोललं की बिघाड निघायचा नखाएवढ्या रबरी वॉशरचा! हे मला पटेना. हळूहळू आम्ही नवी कामं कमी केली आणि दुरुस्तीत शिरलो.

टबच्या स्पाउटवर (पाणी पडतं त्या तोटीवर) वर ओढायचा नॉब असतो, त्याच्याखाली छोटी झडप असते. नॉब ओढला की झडप स्पाउटचं तोंड बंद करते आणि पाणी शॉवरकडे चढतं. झडपेला वर धरून ठेवतो तो पाण्याचाच दाब. त्यामुळे दाब कमी असला की नॉब आपोआप खाली येतो आणि घरच्यांना वाटतं डायव्हर्टर गेला. म्हणून आमचा माणूस हत्यारांची पेटी उघडण्याआधी दाब बघतो. दाब चांगला असेल तर कारण बहुधा साचलेले क्षार किंवा झिजलेला वॉशर. क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून सुटतात, पण सोनेरी किंवा काळ्या फिनिशचा स्पाउट त्यात बुडवू नका, रंग उडतो.

स्पाउट बदलणं घरी सहज जमतं आणि फोनवर विचारणाऱ्याला आम्ही ते मोकळेपणाने सांगतो. स्पाउटच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. छोटा स्क्रू लागला तर अ‍ॅलन कीने तो सैल करून स्पाउट सरळ बाहेर ओढा. स्क्रू नसेल तर स्पाउट आट्यांवर बसवलेला आहे, कापड गुंडाळून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. नवा बसवताना पाइपाचं टोक आपल्याकडे ठेवून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर स्पाउट आवळताना ती उलगडत जाते.

भिंतीतल्या डायव्हर्टरला जास्त जपावं लागतं. मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी काढायचं, मोरीच्या जाळीवर कापड टाकायचं (स्क्रू तिथेच जातात), मग हँडल, फ्लॅन्ज (भिंतीलगतची चकती), नट आणि शेवटी कार्ट्रिज, म्हणजे पाणी वळवणारा आतला सुटा भाग, काढायचा. टाइलला धक्काही लागत नाही. खरी अडचण असते जोडीचं कार्ट्रिज मिळण्याची. ३५ आणि ४० मिलिमीटरची कार्ट्रिजं वरून सारखी दिसली तरी तळाची भोकं आणि स्पिंडलचे (हँडल बसतं त्या दांड्याचे) दाते जुळतीलच असं नाही. म्हणून जुना भाग सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नये. आमच्याकडे कार्ट्रिजांचं कपाट वाढत गेलं ते याच कारणाने. आमच्या धंद्याची सगळ्यात मोठी गुंतवणूक मी त्यालाच मानतो. ओ-रिंगला, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कडीला, आम्ही सिलिकॉन ग्रीसच लावतो, कारण पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं.

कधीकधी बदलणंच योग्य असतं. बॉडीला चीर गेली असेल, आतली सीट (वॉशर टेकतो ती जागा) खाल्ली गेली असेल किंवा त्या मॉडेलचे भाग मिळेनासे झाले असतील, तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो आणि काढलेला भाग ग्राहकाच्या हातात देतो.

निवडक नवी कामं आजही घेतो. कन्सिल्ड बॉडी बसली की टाइल लागण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढतो आणि कंपनी-मॉडेलची चिठ्ठी घरमालकाला देतो. त्यातल्या कुणाचा तक्रारीचा फोन आला की आधी तो फोटो मागवतो, म्हणजे आमचा माणूस पहिल्याच फेरीत नेमकं कार्ट्रिज घेऊन पोचतो.