तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारच्या किटमधला तयार प्लग कापून सोल्डर का केलं?

गिटारची कंट्रोल प्लेट (बटणांची आणि स्विचची पट्टी) उघडून दाखवली की प्रत्येकजण हेच विचारतो. किटमध्ये सगळ्या वायरी प्लग लावून तयार आल्या होत्या, नुसतं दाबून बसवायचं होतं, मग कापाकापी कशाला? आणि पाठोपाठ सल्ला येतोच, आवाज उलटा येत होता तर दोन वायरींची अदलाबदल करायची, विषय संपला. नाही हो संपत. एकदा सगळं नीट सांगते.

टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीचं, घरी जोडायचं किट, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारं, चुंबकाभोवती गुंडाळलेलं एकेक वेटोळं), तीन पोझिशनचा स्विच. नेक, म्हणजे गळ्याजवळचा पिकअप, एकटा लावला तर मस्त गोल आवाज, ब्रिज, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाजवळचा, एकटा लावला तर खणखणीत. मधल्या पोझिशनला दोन्ही एकत्र लागले की जाड तारांमधला जीवच गेलेला, व्हॉल्यूम पडलेला आणि सगळं नाकातून बोलल्यासारखं. दोन पिकअप विरुद्ध फेजमध्ये, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली, हे तुम्ही ऐकल्या ऐकल्या सांगाल. पण मला खरा छळत होता तो हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण. तो मधल्या पोझिशनला कमी व्हायचा सोडून वाढत होता, आणि याच्याबद्दल मात्र कुणीच विचारत नाही.

म्हणून होकायंत्र घेतलं आणि पिकअपवर धरलं. नेकवर सुईचं एक टोक ओढलं गेलं, ब्रिजवर दुसरं. म्हणजे दोन्हींचे मॅग्नेट मुद्दाम उलट ठेवलेले, बनवणाऱ्याने जोडी हम मारण्यासाठीच बनवलेली (अशा जोडीत फेज जुळला की दोन्हींचा हम एकमेकांना खोडतो). मग मीटर किलोओहमवर लावून पोलवर (पिकअपच्या चुंबकाच्या टोकावर) स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झटकन उचलला, तर एका पिकअपचा आकडा वर उसळायचा, दुसऱ्याचा खाली. चूक एवढीच, की एका पिकअपच्या दोन वायरी प्लगमध्ये उलट बसवलेल्या. मॅग्नेट सारखे असते तर मी वायरी फिरवून फेज जुळवला असता आणि हम गळ्यात घेतला असता, तो सौदा वेगळा. इथे दोन्ही गोष्टी सुधारणार होत्या. विकणाऱ्याला हे सगळं लिहून पाठवलं, उत्तर आलं की वायरींचे रंग आकृतीप्रमाणेच आहेत. रंग बरोबरच होते हो, रंगाबद्दल मी बोललेच नव्हते.

आता अदलाबदलीचं ऐका, कारण ती मी केली. नेकच्या प्लगमधल्या पिना सुईने उचकटून काढल्या, उलट बसवल्या, आणि मधली पोझिशन अशी भरून वाजली की मी तिथेच बसून वाजवत राहिले, हमसुद्धा जवळजवळ गायब. मग स्ट्रमिंग करताना बोट नेकच्या चकचकीत कव्हरला लागलं आणि अँपमधून जोरात घर्रर्र. बोट उचललं की कमी, लावलं की परत. या पिकअपचं धातूचं कव्हर आतून एका छोट्या जंपरने (जोडतारेने) कॉइलच्या ग्राउंडच्या, म्हणजे सिग्नल नसलेल्या, टोकाला जोडलेलं असतं. मी टोकं फिरवली, त्यामुळे जे टोक ग्राउंड होतं ते हॉट, म्हणजे सिग्नल नेणारं, झालं आणि त्याच्याबरोबर अख्खं कव्हर हॉट झालं. हमपासून वाचवायला ठेवलेला पत्राच आता हम गोळा करून आत पाठवत होता.

'मग ब्रिजच्या फिरवायच्या', हे पण ऐकलंय. ब्रिज पिकअपच्या खाली स्टीलची प्लेट आहे, तीसुद्धा कॉइलच्या एका टोकाला जोडलेली, आणि स्क्रूमधून ती ब्रिजला आणि तारांच्या ग्राउंडला भिडते. तिथे वायरी फिरवल्या असत्या तर सिग्नल थेट ग्राउंडमध्ये गेला असता, आवाजच बंद.

राहिला एकच रस्ता. नेक पिकअप उलटा करून कव्हरच्या दुमडलेल्या जिभेपासून जंपर तोडायचा आणि कव्हरला स्वतंत्र तिसरी वायर द्यायची. तो जंपर जिथे सुरू होतो त्याच आयलेटवर (वायर सोल्डर करायच्या छोट्या कडीवर) कॉइलची तार टाकलेली असते, केसाएवढी बारीक, उन्हाकडे तिरकं धरल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवला तर ती सुटणार, पक्कड सरकली तर तुटणार, आणि तुटली की पिकअप मेला. आयर्न नेलाच नाही मी तिथे. बारीक कटरने जंपर मधोमध कापला, दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब वाकवली, आणि लगेच मीटर लावला. सात किलोओहमच्या आसपास. मग कव्हरच्या जिभेवर नवी वायर, आणि ती व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाच्या) पाठीवर, म्हणजे ग्राउंडला, आधी पॉलिश पेपरने पाठ खरवडून, नाहीतर सोल्डर धरतच नाही.

आता वायरी तीन झाल्या आणि प्लगला पिना दोन. म्हणून कापला. एवढंच उत्तर आहे.

हां, पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचे की पहिल्या किटला सोल्डरच्या फंदात पडू नका, प्लगवालं घ्या. ते चुकीचं होतं असं आजही वाटत नाही. प्लगने गिटार एका संध्याकाळी वाजायला लागते आणि त्या आनंदाची किंमत मला कळते. फक्त प्लग तुम्हाला आत काय कशाला जोडलंय ते कळू देत नाही, आणि काही बिघडलं की तुमच्या हातात रंगीत वायरी आणि एक कागद उरतो. मी कुठल्या बाजूला आहे हे विचारू नका, दिवसागणिक बदलतं.

काहीजण म्हणतात मधली पोझिशन सोडून द्यायची, 1952 ते 1967 च्या टेलिकास्टरच्या स्विचवर तरी दोन्ही पिकअप एकत्र कुठे लागायचे. काहीजण फ्लीटवुड मॅकच्या गिटारवादक पीटर ग्रीनचं नाव घेतात, त्याच्या लेस पॉल गिटारमध्ये नेकचा मॅग्नेट उलटा होता आणि त्या पातळ आवाजावर लोक आजही जीव टाकतात. मान्य आहे. पण त्याचे हमबकर (दोन कॉइलचे, हम मारणारे पिकअप) होते, माझ्यासारखा वाढलेला हम त्याच्या वाट्याला आला नसणार. आणि खरं सांगू, आता तो नाकातला आवाज मला अधूनमधून हवासा वाटतो, इतर वाद्यांच्या गर्दीतून तो बरोबर वर यायचा. कव्हर वेगळं केल्यामुळे पुश-पुल पॉट (वर ओढला की स्विचसारखा चालणारा) टाकून फेज हवा तेव्हा उलटवता येईल, चार वायरींचं काम आहे. पण उलटवला की हम परत येणार, आणि तेवढ्यासाठी नीट बसलेली प्लेट पुन्हा उघडायची का, हे काही ठरत नाहीये.