सातबाऱ्याचं संक्षिप्त रूप

शाळेच्या जुबिलीच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठव असा ग्रुपवर मेसेज आला, अन् डोळ्यासमोर पहिलं काय आलं तर फळ्यावरचं १६/६४.

सहावीत होतो. सर म्हणाले संक्षिप्त रूप दे, मी ऐटीत गेलो अन् वरचा ६ खालचा ६ सरळ काटून टाकला, उरलं १/४. उत्तर बरोबर! पोट्टे टाळ्या पिटायला लागले. सर गालातल्या गालात हसले अन् बाजूला १६/३६ लिहून दिलं, मी तिथंही ६ काटले, १/३ आलं. "आता दोघाइले चारानं भागून पाह्य बरं." आलं ४/९. "अंक नाही काटत बावा, अंश अन् छेद एकाच संख्येनं भागा लागते." म्हणजे पहिलं गणित नुसतं नशिबानं जुळलं होतं. (शून्याच्या जोड्या सोडल्या तर अशी लबाडी चालणारे, एकाहून लहान, दोन अंकी अपूर्णांक चारच आहेत, १६/६४, १९/९५, २६/६५ अन् ४९/९८, हे मला लय वर्षांनी कळलं, सरांना तेव्हाच माहीत असणार.)

पण माझा खरा घोळ वेगळाच होता. संक्षिप्त म्हणजे छोटं, मग किंमतही कमी होत असेल ना? तसं मी विचारलं तर सर म्हणे, "तुमचं वावर किती हाये रे?"
"तीस गुंठे."
"अन् एकराचे गुंठे?"
"चाळीस."
फळ्यावर ३०/४०. मी आधी २ नं भागलं, १५/२०, मग ५ नं, ३/४. मसावि १० काढला असता तर एका दमात झालं असतं, पण मला तसंच जमायचं.
"मंग बाप काय सांगते, किती वावर?"
"पाऊण एक..." म्हणता म्हणता मीच थांबलो. तोच धुरा, तेच बोरीचं झाड, पऱ्हाटीच्या ओळीही तेवढ्याच. आमच्या आज्याला पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ होती, अन् मी मसाविला घाबरत बसलो होतो.

बेल वाजली तरी सरांनी जाताजाता टाकलंच, "सातबारा संक्षिप्त करून दाखवा." वर्ग गपगार. मी बोटं मोडत बसलो, २ नाही, ३ नाही, ७ ही नाही. "होत नाही सर, एक सोडून काहीच लागत नाही."

संध्याकाळी वावरात जाऊन बाबाला सांगितलं, आपला सातबारा आता याहून लहान होत नाही. बाबा कापूस वेचत होता, मान वर न करता म्हणे, "बरं झालं बावा, आंधीच तीस गुंठे हाये."