इंजिनात ओतायच्या बाटल्या

मामांनी सर्व्हिसिंगचं बिल व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ऑइल, फिल्टर, लेबर सगळं ठीक, पण खाली अजून तीन ओळी, इंजिन फ्लश (आतला गाळ धुणारं), इंजिन कोटिंग आणि फ्युएल सिस्टिम क्लीनर, म्हणजे वरून ओतायच्या तीन बाटल्या, आणि या तिघांचे मिळून पैसे ऑइलपेक्षा जास्त. "अरे, हे घालून खरंच काही फरक पडतो का?" असं त्यांनी विचारलं. फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण हल्ली प्रत्येक सर्व्हिसिंगला हा विषय निघतोच.

मुळात डब्यातलं इंजिन ऑइल हे नुसतं तेल नसतंच. झीज रोखायला झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, काजळी धरून ठेवणारी रसायनं, गाळ साचू न देणारं डिटर्जंट, फेस होऊ नये म्हणून काहीतरी, गरम झाल्यावर फार पातळ पडू नये म्हणून पॉलिमर, हे सगळं मापात घातलेलं असतं आणि त्याच मापावर इंजिनं चालवून टेस्ट घेतात, तेव्हा कुठे डब्यावर एपीआय एसपी वगैरे दर्जाची खूण लिहिता येते. आता फॉस्फरसचंच घ्या, झीज रोखायला चांगला पण जास्त झाला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग, खराब करतो, म्हणून 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ऑइलच्या ग्रेडला त्याची मर्यादा 0.08 टक्के ठेवलीय. इतकं तोलूनमापून केलेल्या ऑइलमध्ये वरून एक बाटली ओतली की जे मिश्रण तयार होतं ते कुणीच तपासलेलं नसतं. म्हणून बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही वेगळं काही घालू नका असंच असतं.

अमेरिकेत हे थेट सरकारी कारवाईपर्यंत गेलं होतं. स्लिक 50 नावाची टेफ्लॉनवाली बाटली तिकडे प्रचंड खपायची, इंजिनाची झीज निम्म्यावर येते अशी जाहिरात. 1996 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तक्रार दाखल केली की या दाव्यांना पुरावा नाही, आणि 1997 मध्ये तडजोड झाली तेव्हा ग्राहकांना किमान 1 कोटी डॉलरची भरपाई द्यायचं ठरलं. ड्युरा ल्यूब नावाच्या दुसऱ्या बाटलीचंही तसंच, 2000 मध्ये 20 लाख डॉलर. तरी बाटल्या विकायच्या थांबल्या नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

आपल्याकडे जास्त काळजी बाइकवाल्यांनी घ्यायला हवी. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून त्यांना जेएएसओ एमए किंवा एमए2 लिहिलेलं, म्हणजे अशा क्लचला चालणारं ऑइल लागतं. त्यात घर्षण कमी करणारी बाटली ओतली की क्लच प्लेटाही घसरायला लागतात. कात्रजचा घाट चढताना मुठ पिळावी, रेस वाढते, आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, आणि मागे ट्रक. नशीब असेल तर ऑइल बदलून भागतं, नाहीतर प्लेटा बदलाव्या लागतात.

सगळ्याच बाटल्या बोगस आहेत असं मात्र नाही. पेट्रोलमध्ये घालायच्या क्लीनरमध्ये पीईए म्हणजे पॉलिइथरअमीन असेल आणि इंजेक्टरवर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागावर, खरंच थर बसला असेल तर तो निघतो, आयडलिंगला थरथरणारी गाडी सुधारू शकते. पण टीएसआय, टर्बो जीडीआय अशा डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही, मग टाकीत कितीही ओता, व्हॉल्व्हवरचा कार्बन तिथेच राहणार. आणि तीन वर्षांच्या, वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीला फ्लश कशाला? उलट आत खूप गाळ असलेल्या जुन्या इंजिनात फ्लशने तो एकदम सुटला तर ऑइल ओढायची जाळी चोंदते, मग इंजिन बसायचीच भीती.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल जळून निळा धूर येतो. ऑइल दाट करणाऱ्या बाटलीने तो थोडे दिवस कमी होतो हे खरंय, पण झिजलेल्या रिंगा झिजलेल्याच राहतात, आणि जुनी गाडी विकताना काही जण नेमका याचाच फायदा घेतात. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की इंजिन तापवून ठेवू नका, थंड गाडी स्वतः स्टार्ट करा, मागे कुणाला तरी सायलेन्सरजवळ उभं करा आणि गाडी गरम झाल्यावर रेस देऊन निळा धूर येतो का ते परत बघा.