ताई, वाढदिवसाला नक्की ये

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये एक ट्रेंड जोरात चालला होता, आठवत असेल. बायका आपल्या नवऱ्याला, भावाला, मित्राला कॅमेऱ्यासमोर विचारायच्या की तू रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा करतोस, आणि समोरचा अगदी सहज सांगायचा, आठवड्यातून दोनतीनदा, कोणी म्हणायचा रोज, आणि त्या बायका थक्क व्हायच्या. मी ते रील्स बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, अरे हा प्रश्न बायकांना पण विचारा की, मी रोज करते. पण तलवारी, रथ, ग्लॅडिएटर यांचा नाही. माझ्या डोक्यात मोजे असतात. मोज्यांचे जोड, सँडलचे दोन जोड आणि आत घालायच्या चड्ड्या दोन, असं कोणीतरी कोणालातरी पाठवलेलं पार्सल, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. पार्सल गेलं, पण सोबतची चिठ्ठी शिल्लक आहे.

ती चिठ्ठी सापडली विंडोलांडाला. मी कामानिमित्त दीड वर्ष न्यूकॅसलला होते तेव्हा तिथे गेले होते, हेक्झमपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, बसचा नंबरसुद्धा एडी १२२, कारण सम्राट हेड्रियनने इसवी सन १२२ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रापासून समुद्रापर्यंत जवळपास ११७ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली. विंडोलांडा हे त्या भिंतीच्या जरा दक्षिणेला असलेलं लष्करी ठाणं, भिंतीच्याही आधीचं. जून महिना होता तरी वारा असा की कान दुखायला लागले, आजूबाजूला नुसती हिरवी टेकाडं आणि मेंढ्या. मी तिथे उभी राहून विचार करत होते की इथे ड्यूटी लागलेल्या माणसाला घरून मोजे आल्यावर काय वाटलं असेल. बरं, ही माणसं रोम शहरातली नव्हतीच, तिथे बटाव्हियन लोकांची तुकडी होती, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या भागातली. रोमन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इटलीतला गोरा पुतळा येतो, पण प्रत्यक्षात त्या शब्दात केवढी वेगवेगळी माणसं कोंबलेली होती.

१९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांच्या उत्खननात चिखलातून लाकडाचे पातळ तुकडे निघाले. सुताराने रंधा मारल्यावर पडतात ना, तसे वाटले ते पहिल्यांदा. दोन तुकडे एकमेकांना चिकटले होते, ते सोडवले तर आत शाईची अक्षरं. पोस्टकार्डाएवढ्या पातळ पट्ट्या, बर्च नाहीतर आल्डरच्या लाकडाच्या, त्यावर काजळीची शाई. ओल्या घट्ट मातीत हवाच पोचली नाही म्हणून लाकूड कुजलं नाही, आणि बरीचशी अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, इन्फ्रारेड फोटो काढून वाचावी लागतात. पुढे अशा शेकडो पट्ट्या निघाल्या. कोणी रजा मागतंय, कोणी धान्याचा हिशोब ठेवलाय, मास्क्लुस नावाचा घोडदळाचा माणूस वरिष्ठांना कळवतोय की माझ्या पोरांकडची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा. एका पट्टीवर व्हर्जिल कवीची एक ओळ गिरवलेली आहे आणि पुढे दुसऱ्या हाताने काहीतरी लिहिलंय, अभ्यासकांचा अंदाज असा की मुलाने गिरवलं आणि शिक्षकाने शेरा मारला, ढिसाळ म्हणून.

आणि मग ते वाढदिवसाचं पत्र. मूळ पट्टी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ती बघायला मी वेगळी गेले.

क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई, नवरा एलियस ब्रोकुस, तोही लष्करी अधिकारी, जवळच्या दुसऱ्या कुठल्यातरी ठाण्यावर. ती विंडोलांडाच्या प्रमुखाच्या बायकोला, सुल्पिशिया लेपिदिनाला लिहितेय. साल साधारण इसवी सन १००. मजकूर एवढाच की ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू नक्की ये, तू आलीस की माझा दिवस आणखी छान जाईल, तुझ्या सेरियालिसला माझा नमस्कार सांग, माझा एलियस आणि आमचा छोटा पण नमस्कार सांगतात. हे सगळं लेखनिकाने लिहिलंय, नीट वळणदार अक्षरात. आणि खाली उजव्या कोपऱ्यात अक्षर बदलतं. थोडं अवघडलेलं, वेडंवाकडं. ते सेव्हेराचं स्वतःचं. मी तुझी वाट बघेन बहिणी, माझ्या जिवलगे, सुखी राहा. एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं लॅटिन, आजवर माहीत असलेल्यांपैकी अगदी सुरुवातीचं.

मी त्या काचेसमोर उभी होते आणि मला रडू आलं, खरं सांगते. कारण हे पत्र मी आधी पाहिलेलं होतं. आमच्या घरी. आईचं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे बेळगावच्या मावशीला आंतर्देशीय पत्र जायचं ते बाबांच्या अक्षरात. सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, पाऊस बरा आहे, गॅसचा नंबर लागला, सगळं व्यवस्थित. आणि ती निळी घडी दुमडायच्या आधी आई म्हणायची, थांबा, खालची जागा सोडा. मग ती स्वतः पेन घ्यायची आणि शेवटच्या पट्टीवर दोन ओळी काढायची, अक्षर मोठं, ओळ वर चढत गेलेली. ताई, दिवाळीला नक्की ये. मुलांना घेऊन ये. मावशी गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती सगळी पत्रं निघाली, आणि मावसबहीण सांगत होती की मावशी पत्र आलं की आधी खालची पट्टी वाचायची, बाबांचा मजकूर नंतर.

मला कोणी विचारलं की आजच्या माणसाला रोमन लोकांचं एवढं वेड का, तर माझ्याकडे हेच उत्तर आहे, ते अक्षर बदललेलं दिसतं म्हणून. बाकीची कारणं खोटी आहेत असं नाही. युरोप अमेरिकेला त्यांच्यात स्वतःचं खानदान दिसतं, जर्मन कैसर आणि रशियन झार दोन्ही शब्द सीझरवरूनच आले, वॉशिंग्टनला सेनेट आणि कॅपिटल आहेच. आपणसुद्धा जुलै म्हणतो तेव्हा ज्युलियस सीझरचं आणि ऑगस्ट म्हणतो तेव्हा ऑगस्टसचं नाव घेतो, आणि सप्टेंबर म्हणजे खरं तर सातवा महिना, त्यांचं जुनं वर्ष मार्चला सुरू व्हायचं म्हणून. शिवाय एवढं मोठं साम्राज्य पडलं कसं, हा प्रश्न ज्याला त्याला आपल्या काळाबद्दल विचारायचा असतो. पण पडलेली साम्राज्यं जगात पुष्कळ आहेत. हडप्पाची लिपी आपल्याला वाचताच येत नाही, तिथल्या एकाही माणसाचा शब्द आपल्या कानापर्यंत पोचत नाही. सेव्हेराच्या काळात आपल्याकडे सातवाहन होते, कार्ल्याला, नाशिकला, जुन्नरला लेण्यांत दान कोणी दिलं त्यांची नावं कोरलेली आहेत, आणि प्राकृत गाथांमध्ये गावाकडच्या बायका किती जिवंत आहेत, पण त्या कवितेतल्या. पैठणच्या एखादीने बहिणीला पाठवलेली चिठ्ठी आपल्या उन्हापावसात, वाळवीत टिकणार कशी. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणूनही मी विंडोलांडाला घट्ट धरून बसते.

माझ्या आतेभावाचं वेगळं. तो सिव्हिल इंजिनिअर, त्याला पत्रबित्र काही सांगायला गेलं की तो पँथिऑनवर येतो. रोममधलं ते देऊळ, हेड्रियनच्याच काळात पूर्ण झालेलं, वरचा घुमट जवळपास ४३ मीटर रुंद, आत एक सळई नाही, आणि सळईशिवायचा एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात दुसरा नाही. खाली जड खडी, वर जाल तशी हलकी, अगदी वर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, आणि मध्यभागी गोल उघडं भोक. २०२३ मध्ये एमआयटीच्या लोकांनी रोमन काँक्रीटवर संशोधन छापलं ते त्याने मला रात्री साडेअकराला फॉरवर्ड केलं होतं. त्या काँक्रीटमध्ये चुन्याच्या पांढऱ्या गाठी दिसतात, आधी वाटायचं की कालवताना हयगय झाली, तर यांचं म्हणणं असं की कळीचा चुना गरम गरम मिसळल्यामुळे त्या राहतात, आणि पुढे भेग पडून पाणी आत गेलं की त्या गाठीतला चुना विरघळून भेग परत बुजवतो. आतेभाऊ म्हणाला, आपल्या वाड्यांना बैल जुंपून चुन्याची घाणी फिरवायचे त्यांना पण चुन्याची नाडी माहीत होती, आणि आम्ही आता वीस वर्षांत स्लॅबचं लिकेज काढतोय. त्याला त्या गवंड्यांबद्दल जे वाटतं ते मला सेव्हेराबद्दल वाटतं, दोन्ही एकच आहे.

पण एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेईबरोबर हर्क्युलेनियम पण गाडलं गेलं, तिथे एक पाव सापडला, जळून कोळसा झालेला पण आकार शाबूत, भाकरीचे चतकोर करतो तसे आठ भाग पाडलेले. त्यावर शिक्का आहे. नाव सेलेर, क्विंटुस ग्रानियुस व्हेरुसचा गुलाम. पावावर नाव आहे आणि त्या नावाला मालक आहे. रोमच्या एका म्युझियममध्ये लोखंडी पट्टा आहे गळ्यात घालायचा, त्याला अडकवलेल्या बिल्ल्यावर कोरलंय की मी पळालोय, मला धरा, माझ्या मालकाकडे, झोनिनुसकडे परत आणलंत तर एक सोन्याचं नाणं मिळेल. मी पळालोय. पहिल्या पुरुषात. ज्याच्या गळ्यात तो पट्टा होता त्याने हे लिहिलं नव्हतं, त्याच्या तोंडी दुसऱ्याने घातलं होतं. हे वाचल्यावर मी कितीतरी दिवस रोमचं काही वाचलं नाही. आणि सेव्हेराचं पत्र घेऊन घोड्यावरून किंवा चालत जो गेला, तिच्या वाढदिवसाचा स्वयंपाक ज्यांनी केला, त्यांचं काय, हे त्या गोड पत्राबरोबर मला कायम आठवतं. रोमन लोक आवडतात म्हणणाऱ्याने हा पट्टा पण बघावा असं माझं मत आहे, नुसतं कलोसियमसमोर सेल्फी काढून येऊ नये.

माझं हे सगळं सुरू कुठे झालं तर कोल्हापुरात. टाऊन हॉल म्युझियममध्ये. शाळेची सहल गेली होती आणि तिथे एक लहानसा काशाचा दाढीवाला देव होता, ग्रीकांचा पोसायडन, समुद्राचा देव. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खननात मिळालेला, रोमन व्यापारातून इकडे आलेला. बाई म्हणाल्या हा रोमहून आला, आणि मी विचारलं कोणी आणला, बाई म्हणाल्या व्यापाऱ्यांनी, आणि मला त्या व्यापाऱ्याचं नाव पाहिजे होतं. आपल्याला गोरोबाकाकांमुळे माहीत असलेलं तेर, ते तेव्हाचं तगर, ग्रीक खलाशाच्या प्रवासटिपणात पैठणबरोबर त्याचं नाव आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंती बाई निघाली, अंगभर दागिने, बाजूला दोन दासी, आणि अगदी तशाच घडणीच्या बाहुल्या आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणजे इकडचा हस्तिदंत तिकडच्या दिवाणखान्यात, तिकडचा देव इकडे नदीकाठी, आणि नेणाऱ्या आणणाऱ्या हमालांची, तांडेलांची नावं कुठेच नाहीत.

परवा आईला मी सेव्हेराचं पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मधे एकदाच म्हणाली, तिला पण खालची जागा सोडली होती होय. मग मी दुसरं पत्र वाचलं, कारण सेव्हेराचं आणखी एक पत्र सापडलंय, तुटकं, मधले शब्द गेलेत. त्यात ती लेपिदिनाला सांगतेय की ठरल्याप्रमाणे मी ब्रोकुसला विचारलं, तो म्हणाला तुला जमेल तसं तिच्याकडे केव्हाही जा, आणि काही अगदी गरजेच्या गोष्टी आहेत, त्या... आणि तिथे ओळ तुटते.

आई म्हणाली, त्या कशाला लिहील ती. बाकी भेटीअंती.