पूर्वपरीक्षा, पतंग आणि सकाळी अकराचा पेपर

९ जानेवारी, रात्री साडेनऊ

पूर्वपरीक्षेचे वेळापत्रक आज सूचनाफलकावर लागले. १३, १४ आणि १५ जानेवारीला भोगी, संक्रांत आणि कर आहे, आणि १६ तारखेला मराठीचा ८० गुणांचा पेपर. येवल्याबाहेरच्या माणसाला यात अडचण काय, असे वाटेल. इथे मात्र हे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते, हलकडी या वाद्याचा आवाज दारे-खिडक्या लावूनही आत येतो आणि ज्याच्या हातात आसारी, म्हणजे पतंगाच्या मांजाची फिरकी, नाही तो आजारी असावा असे शेजारी धरून चालतात. दहावीच्या मुलांनी यंदा गच्चीकडे बघायचे नाही, असे बाईंनी वर्गात बजावले आहे. मला ते पटले नाही. खोलीत कोंडून घेतले तरी कान गच्चीवरच राहणार आणि पुस्तकाचे पान तासभर तेच राहणार. त्यापेक्षा संक्रांतीला दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंतचा वेळ मी वेळापत्रकात आधीच सुट्टीचा म्हणून लिहून टाकला आहे आणि अभ्यास त्याच्या दोन्ही बाजूंना बसवला आहे.

वर्गात सध्या कोण किती वाजेपर्यंत जागले याचीच चढाओढ चालते. रात्री एकच्या आधी झोपलेली मुलगी जणू अभ्यास करतच नाही. पण बोर्डाचा पेपर सकाळी अकराला असतो, रात्री एकला नव्हे. बीजगणित आणि भूमिती यांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, वेळ दोन तास. तेव्हा त्या दोन तासांत डोके ताजे राहावे अशी सवय आत्तापासूनच लावली पाहिजे. म्हणून सुट्टीच्या दिवशी बरोबर अकराला घड्याळ समोर ठेवून मी एक संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवते. मध्ये पाण्यालाही उठत नाही. उत्तरे मात्र लगेच तपासत नाही; जेवण करून, थोडे पडून, मग तपासते, कारण थकलेल्या डोळ्यांना चुकलेले चिन्हही बरोबरच दिसते.

हे शहाणपण खरे तर घरातलेच आहे. बाबा पैठणी विणतात. पदरावरचा मोर मागावर असला की दिवस कलल्यावर ते धोटा खाली ठेवतात, मग गिऱ्हाईक कितीही घाईचे असो. एक धागा चुकला की वीण उकलावी लागते आणि तासाभराच्या हट्टापायी दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया जाते, असे ते म्हणतात. भौमितिक रचनांचेही तसेच आहे. वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढायची असेल तर झोपाळलेल्या हाताने कंपासचे टोक हमखास सरकते. त्यामुळे रात्रीसाठी मी इतिहास किंवा भूगोल ठेवते, तेही नुसते वाचायचे नाही. पुस्तक मिटून भारत आणि ब्राझील यांच्या हवामानातला फरक कागदावर लिहून काढायचा आणि दहाला दिवा बंद करायचा.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. क्लास सकाळी साडेसहाचा आणि शाळा दुपारची असल्यामुळे मला दहाला झोपूनही जेमतेम साडेसात तास मिळतात. क्लासची वेळ बदलणे माझ्या हातात नाही. शाळेतून आल्यावर वीस मिनिटांची झोप मात्र हातात आहे आणि त्यावर आईशी माझा वादही होतो, कारण तिच्या मते दिवेलागणीला झोपू नये. यावर तोडगा असा निघाला की मी साडेपाचला पडायचे आणि दिवा लावायच्या आत तिने मला उठवायचे. मोबाइल चाळणे ही विश्रांती नव्हे, हे तिचे म्हणणे मात्र मी मुकाट्याने मान्य केले आहे. तो चाळून उठले की डोके आधीपेक्षा जड झालेले असते.

धाकट्या भावाशी आज बोलणे झाले. संक्रांतीला तीनच्या आधी त्याने मला हाक मारायची नाही आणि सूर्य मावळल्यावर ‘अजून एकच’ म्हणायचे नाही. बदल्यात आसारी मी धरायची, पतंग त्याने उडवायचा. नायलॉनचा मांजा आणायचा नाही, ही अट बाबांनी घातली. उद्या पहाटे क्लास आहे. रविवारी अकराला भूमितीची प्रश्नपत्रिका.