सेंट पॅन्क्रस ते डेंट: एका कंपनीची दोन स्टेशनं

लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनात शिरलं की मान आपोआप वर जाते. विल्यम बार्लो या इंजिनिअरने 1868 साली उभारलेलं हे छत सुमारे 240 फूट रुंद आहे आणि मधे एकही खांब नाही. रूळ कालव्यावरून आणावे लागले म्हणून फलाट रस्त्यापेक्षा उंचावर गेले. खाली जी जागा मिळाली ती स्टेशन बांधणाऱ्या मिडलँड रेल्वे कंपनीने बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांना दिली, आणि खांबांमधलं अंतरही पिंपांच्या मापाने ठरवलं! आज त्याच खांबांमधून पॅरिसचे प्रवासी बॅगा ओढत जातात. दर्शनी बाजूला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं लाल विटांचं हॉटेल. त्याचे मनोरे पाहताना मुंबईकराला व्हीटी आठवणारच.

मला मात्र ओढ होती याच कंपनीच्या एका आडबाजूच्या स्टेशनाची, उत्तर इंग्लंडमधल्या डेंटची. मिडलँडला स्कॉटलंडपर्यंत स्वतःचा मार्ग हवा होता. मधेच प्रतिस्पर्धी कंपनीशी तिचं जुळलं, तेव्हा डोंगरातून जाणारा खर्चिक मार्ग रद्द करण्याची परवानगी तिने मागितली. 1869 मध्ये संसदेने ती नाकारली. अशा रीतीने नाइलाजाने बांधलेल्या सेटल-कार्लाइल मार्गावर 1876 पासून प्रवासी गाड्या धावू लागल्या.

आता तिकडची गाडी लीड्सहून सुटते. सेटल मागे पडलं की चढण सुरू होते, झाडं विरळ होत जातात आणि रिबलहेडचा 24 कमानींचा पूल येतो. सगळे खिडकीशी धावतात, मीही धावले. पण या माळावर मजुरांच्या झोपड्या होत्या, हेही आठवावं. अपघातांनी आणि देवीच्या साथीने कितीतरी माणसं गेली. त्यांच्यातल्या आणि त्यांच्या बायकामुलांमधल्या दोनशेहून जास्त जणांना जवळच्या चॅपल-ल-डेलच्या चिमुकल्या चर्चच्या आवारात पुरलं आहे.

पुढे लांबलचक बोगदा, आणि मग डेंट. उंची 1150 फूट, इंग्लंडमधल्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन. गाव खाली दरीत, तब्बल सहा किलोमीटरवर! दोन फलाट, दगडी इमारत आणि अंगावर येणारा वारा. रुळांवर बर्फ साचू नये म्हणून वरच्या उतारावर रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर उभे रोवून कुंपण केलं आहे.

साठच्या दशकात शहरी आणि ग्रामीण, दोन्ही स्टेशनांवर कुऱ्हाड आली. लंडनमध्ये यूस्टन स्टेशनची भव्य कमान पाडली गेली. रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठी आलेल्या 1963 च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांवर स्टेशनं बंद करायला सांगितली. सेंट पॅन्क्रसवरही गंडांतर होतं, पण कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवला आणि 1967 मध्ये त्याला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण मिळालं. डेंटच्या पाठीशी कोणी नामवंत नव्हतं. ते 1970 मध्ये बंद झालं, 1986 मध्ये पुन्हा उघडलं, आणि तेव्हा तर अख्खा मार्गच बंद करण्याचा घाट घातला गेला होता. माझ्या मते डेंटची लढाई जास्त अवघड होती, आणि म्हणूनच जास्त मोलाची. हजारो सामान्य प्रवाशांनी हरकती नोंदवल्या आणि 1989 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

हरकत घेणाऱ्यांमध्ये रसवार्प नावाचा एक कुत्राही होता. तो तिकीट काढून प्रवास करणारा, म्हणून त्याच्या पंजाचा ठसा ग्राह्य धरला गेला. त्याचा ब्राँझचा पुतळा पुढच्याच गार्सडेल स्टेशनवर आहे. या मार्गाने गेलात तर तिथे जरूर उतरा.