सरांच्या गाडीतली पेट्रोलची वही

विम्याचा सर्व्हेअर म्हणून चेपलेल्या गाड्या मी रोज बघतो. पण साताऱ्याजवळच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी एक वही हाताला लागली आणि माझं काम तिथंच थांबलं.

गाडी २०१३ची, छोटी, बेस मॉडेल. वजन सातशे किलोच्या आसपास. हायवेवर राँग साइडने आलेल्या जीपनं तिची उजवी बाजू घेतली होती. जीपही शेजारीच उभी होती. बंपर, एक हेडलाइट, थोडं बोनेट, एवढंच गेलेलं. छोट्या गाडीचा काचेलगतचा पिलर मात्र गुडघ्यात दुमडावा तसा वाकलेला, ड्रायव्हरचं दार कटरनं कापून काढलेलं. स्टिअरिंग आणि सीट यांच्यात मी हात धरून बघितला. जेमतेम वीतभर जागा. एअरबॅग नव्हतीच.

आरसी बुक शोधताना वही सापडली. दर वेळी पेट्रोल भरल्याची नोंद: ‘२७१ किमी, १२.४ लिटर, २१.९’. बारीक, सुबक अक्षर, पानंच्या पानं.

तेवढ्यात मालक आले. कराडला कॉलेजात शिकवणारे सर, उजवा हात प्लास्टरमध्ये, सोबत वहिनी. म्हणाले, “क्लेमचे पैसे आले की अशीच एखादी २०१५ची बघतो. ॲव्हरेजला तोड नाही.”

त्यांचं चुकत नव्हतं. सातारा-कराड जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर, महिन्याला अडीच हजार. २२ऐवजी १८ देणारी गाडी घेतली तर महिन्याला २५ लिटर पेट्रोल जास्त. घर चालवणाऱ्याला ते जाणवतंच.

सर्व्हेअरनं सल्ला द्यायचा नसतो. तरी मी म्हटलं, “सर, जीप तुमच्या गाडीच्या दुप्पट वजनाची. दोन्ही ताशी ५०नं समोरासमोर आल्या आणि एकमेकींत अडकल्या, तर?” सर फिजिक्सचे. त्यांनी वही मागितली आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या आकड्यांत गणित मांडलं. जीपचा वेग ३३नं बदलतो, छोट्या गाडीचा ६७नं. क्षणात. ते त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले.

“मग छोटी घ्यायचीच नाही?” वहिनींनी विचारलं.

घ्या, पण सांगाडा बघून, असं मी सांगितलं. २०१४ साली ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेनं, भारतातल्या गाड्या ताशी ६४नं आदळवल्या. नॅनोला शून्य तारे, बिनएअरबॅगच्या पोलोलाही शून्य. पण दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार, कारण तिचा सांगाडा टिकला होता. नॅनोचा टिकला नाही. तिथं नुसत्या एअरबॅगनं भागलं नसतं. शिवाय आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९पासून, म्हणजे २०१५च्या बेस मॉडेलकडून तिची अपेक्षाच नको. आणि तारे त्याच वजनाच्या गाड्यांत तुलना करायला. समोरून दुप्पट वजन आलं की सरांचं गणित लागू होतंच.

वहिनींनी वही सरांच्या हातातून घेतली, मागची कोरी पानं चाळली. “कराडला एसटीचा पास किती पडतो हो?” त्यांनी विचारलं. सरांना माहीत नव्हतं. फोन काढून त्यांनी तिथंच कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला लावला.

मी रिपोर्टवर ‘टोटल लॉस’ लिहिलं.